सोड

टक् असा आवाज झाला आणि कागदावरच्या काळ्या ठिपक्याच्या बरोब्बर मधोमध भोक पडलं. दहापैकी दहा. एरवी माधवनं मान डोलावली असती, वहीत टिंब केलं असतं आणि म्हटलं असतं, ठीक. पण त्या कागदापासून वीतभर अंतरावर धनाजीरावांचा डावा कान होता. पंचाहत्तरीचे धनाजीराव शेजारच्या लेनमधली, कागद पुढंमागं न्यायची अडकलेली दोरी मोकळी करायला बाजूच्या दारानं आत शिरले होते, दारावरचा लाल दिवा लावायचा विसरले होते, आणि गाठ नीट दिसावी म्हणून त्यांनी मान नेमकी ओवीच्या कागदाकडे लांबवली होती. ते तसेच वाकलेले राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "अरेच्चा!" आणि सोळा वर्षांची ओवी एअर रायफलला गाल टेकवून तशीच उभी. छर्रा सुटल्यावर मनात दोन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही हे माधवनंच तिला शिकवलेलं, आणि पोरगी शिकवलेलं विसरणारी नव्हती. तिनं दोन आकडे मोजले. रायफल खाली ठेवली. डाव्या डोळ्यावरची पट्टी वर सारली. मग तिला धनाजीराव दिसले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. स्वतःचा उजवा हात हवेत आहे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. कशासाठी वर केला होता तो? अडवायला? की नेम पक्का झाला की त्याची बोटं नेहमी जराशी उचलली जायची, तशी? हात वर होता खरा. पण तो आपल्या तोंडून शब्द निघण्याआधी वर गेला की छर्र्याच्या आवाजानंतर, हे काही केल्या त्याला सांगता येईना, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

हे झालं गुरुवारी संध्याकाळी, सयाजीगंजातल्या क्लबच्या तळघरात. आज शनिवार. साडेचारला क्लबच्या सेक्रेटरींनी, उत्कर्षभाईंनी, बोलावलं होतं आणि माधव चारलाच स्टेशनच्या बाजूला येऊन, स्कूटर एका हॉस्टेलच्या भिंतीला लावून, शेव-उसळीच्या गाडीपाशी उभा होता. खायचं काहीच नव्हतं. गाडीवाल्यानं "आपुं, काका?" म्हणून प्लेट पुढं केली तेव्हा त्यानं उगाच घेतली, आणि तर्रीवरची शेव मऊ होत जाताना बघत राहिला. दोन दिवस डोक्यात एकच शब्द भणभणत होता. सोड. तो म्हणाला होता सोड, याबद्दल त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती. तिथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. सोड म्हणजे काय, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. बावन्न वर्षांचा बाप्या, रिफायनरीत पंचवीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेला, घरी मराठी बोलणारा, आणि स्वतःच्याच तोंडचा दोन अक्षरी शब्द त्याला कळेना! हसावं की रडावं?

हा शब्द त्यानं धनाजीरावांकडून उचलला होता. धनाजीराव मूळचे साताऱ्याकडचे, लष्करात एक कान कामातून गेला, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीमागं बडोद्याला आले. बसून काय करायचं म्हणून त्यांनी या तळघरात पाच लेनचा क्लब उभा केला, आणि माधव त्यांचा पहिल्या खेपेचा चेला. पुढं माधव स्वतः शिकवायला लागला तेव्हा धनाजीरावांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, नेमबाजाला शिकवणं निराळं आणि नेमबाजाला शिकवणाऱ्याला शिकवणं निराळं. शिकवणारे लई बोलतात. श्वास धर, खांदा सोड, बोट हळू, अरे काय चाललंय! पोराच्या कानात जत्रा भरते. तू एका वेळी एकच शब्द बोलायचा. बोलून गप्प बसायचं. आणि एक गाठ मारून ठेव. पोरानं जे ऐकलं, तेच तू बोललास. तुझ्या मनात काय होतं, त्याला कुत्रं विचारत नाही." माधवनं गाठ मारून ठेवली होती. बाकीचे कोच ओरडायचे, तो ओरडत नसे. मुलाच्या उजव्या खांद्यामागं दोन पावलांवर उभा राहायचा, हात लावायचा नाही, आणि मुलाचा श्वास ऐकायचा. रायफल उचलल्यापासून आठ सेकंदांत बोट दाबलं गेलं नाही की नजर शिळी होते, स्नायू थरथरतात, आणि मूल हट्टानं मारतं. ते वाया जातं. अशा वेळी मारायचं नाही, रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. न मारणं हीच खरी विद्या, असं तो पालकांना सांगायचा आणि पालक एकमेकांकडे बघायचे. तर त्या आठव्या सेकंदाला तो मागून हळूच म्हणायचा, सोड. म्हणजे सोडून दे. हा नेम गेला, जाऊ दे. गुजराती मुलांना तो म्हणायचा, मूकी दे. मराठी पोरांना, सोड. वीस वर्षं हेच चाललं होतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

मग ओवी आली. तरसालीची, माधवच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहणारी. आई, कोमल, शाळेत शिकवते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रिक्षात आणि मैत्रिणींत गुजराती. आणि तिन्ही एका वाक्यात आल्या तरी पोरीला त्याचं काही वाटत नसे. "सर, आज मारो हाथ साव थंड आहे," असं म्हणायची आणि माधवला मनातून फार गोड वाटायचं. आपली म्हणून तो तिच्याशी मराठीतच बोलायचा. पहिलं दीड वर्ष छान गेलं. पोरगी सोड म्हटलं की सोडायची, जरासुद्धा हट्ट नाही. इतकी आज्ञाधारक की पुढं तेच नडलं. तिला न मारण्याचीच सवय लागली. रायफल उचलायची, नेम धरायची, खाली घ्यायची, पुन्हा उचलायची, पुन्हा खाली. अहमदाबादच्या स्पर्धेत वेळ संपली आणि तिच्या नळीतून नऊ छर्रे सुटायचेच राहिले. परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून रडली होती आणि म्हणाली होती, "सर, बरोबर आहे असं मला वाटतच नाही. कधीच." तेव्हा माधवच्या ध्यानात आलं की आपण हिला थांबायला शिकवलं, पण सुटायला शिकवलंच नाही. दिवाळीनंतर त्यानं रीत बदलली. तिच्या मागं उभा राहायचा, तिचा श्वास ऐकायचा, आणि नेम स्थिर झाल्याचं पाठीवरून कळलं की हळूच म्हणायचा, सोड. म्हणजे आता धरून बसू नकोस, बरोबर आहे, जाऊ दे त्याला. आणि ती सोडायची, आणि टक्. नऊ, दहा, दहा. दोन महिन्यांत पोरगी राज्याच्या संघाच्या निवडीपर्यंत पोचली. यात त्याला काडीचंही वावगं दिसलं नव्हतं. एका शब्दाची बाजू बदलली होती आणि त्यानं तिला सांगितलंसुद्धा नव्हतं की बाई, आजपासून सोड म्हणजे सोड. तिनं आपणहून ओळखलं होतं. आणि अधूनमधून, आठ सेकंद उलटून गेले की, तो जुन्या अर्थानंही म्हणायचाच. ती तेही ओळखायची. कशावरून ओळखायची कोण जाणे! त्याच्या आवाजावरून असेल. त्याच्या श्वासावरून असेल.

"काका, ठंडी थई गई," गाडीवाला म्हणाला. माधवनं प्लेट तशीच ठेवली, पैसे दिले आणि निघाला.

चालता चालता तो पुन्हा गुरुवारच्या संध्याकाळवर आला. जिभेचं टोक हलणाऱ्या दाताकडे जातं तसा तो दोन दिवस तिथंच जात होता. नेम सुटल्यावर, कागद बघायच्या आधी, छर्रा कुठं लागला ते सांगायचं, हा त्याचा मुलांसाठी नियम होता. बघून कुणीही सांगेल. न बघता सांग, म्हणजे मारताना तू हजर होतास की नव्हतास ते कळेल. त्यानं स्वतःला विचारलं, बोल माधव, तू सोड म्हणालास तेव्हा कुठं होतास? ओवी सहाव्या सेकंदाला होती. तिची पाठ शांत झाली होती, कोटाच्या शिवणीसुद्धा हलत नव्हत्या. असा नेम महिन्यातून एकदा लागतो. त्याला आनंद झाला होता, हे पक्कं आठवत होतं. छातीत काहीतरी हलकं झालं होतं. मग डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी हललं, धनाजीरावांचा सदरा. आणि सोड. की सोड, आणि मग सदरा? घाबरून म्हणाला असता तर आवाज चिरकला असता, आणि आवाज चिरकला असता तर ओवी दचकली असती, आणि दचकून दहा लागत नाहीत. म्हणजे शांतपणे म्हणाला. म्हणजे मार म्हणूनच म्हणाला. पण तो तर नेहमीच शांतपणे म्हणायचा, वीस वर्षांची सवय. उद्या घराला आग लागली तरी तो बायकोला हळूच म्हणेल, पद्मा, आग. आणि मुळात दोन्ही अर्थ सोडले तरी, माणूस समोर आला की म्हणायचा शब्द सोड नव्हताच. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, स्टॉप. तो शब्द कुणालाही, कुठल्याही भाषेत कळतो. तो का नाही आला तोंडात?

पद्मानं काल रात्रीचं ताट वाढताना फार सोपं करून सांगितलं होतं. "अहो, तुम्ही अडवायलाच म्हणालात. दुसरं कशाला म्हणाल? माणूस समोर असताना तुम्ही मार म्हणाल का?" तिला वाटत होतं ती त्याची बाजू घेतेय. तो चिडला. म्हणाला, "तू होतीस का तिथं?" ती म्हणाली, "सोडा आता, जेवा." आणि तिच्या हातातली पळी तशीच थांबली, कारण आपण कुठला शब्द वापरला ते तिलाही ऐकू आलं होतं.

कारण या घरात हा शब्द आधी एकदा असाच अडकला होता. माधवचे वडील, आप्पा, रेल्वेत केबिनमन होते. बडोदे यार्डाच्या केबिनमध्ये उभं राहून, माणसाच्या उंचीचे लिव्हर ओढून गाड्या सोडायचे. संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, आज किती वाजता सुटलात, आणि ते सांगायचे, मेल सोडली नि निघालो. लहानपणी माधवला वाटायचं, आपल्या बापानं सोडल्याशिवाय या देशात एक गाडी हलत नाही. तेच आप्पा सहा वर्षांपूर्वी सयाजीगंजातल्याच एका दवाखान्यात अकरा दिवस पडून होते. अकराव्या दिवशी दुपारी माधव त्यांचा हात हातात धरून बसला होता. तसं ते दोघं एकमेकांना हात लावणारे नव्हेत, पण नर्सनं सलाईनची सुई हलू नये म्हणून धरायला सांगितलं होतं. आप्पांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "सोड." माधवला वाटलं, हात दुखतोय. आप्पांना आधीपासूनच लाडेलाडे केलेलं खपायचं नाही. त्यानं हात सोडला. जरा अपमानही वाटला, खोटं कशाला बोला. खाली जाऊन चहा प्यायला. वर आला तेव्हा पडदा ओढलेला होता. मग पुढं कितीतरी महिने रात्री झोप लागायच्या आधी त्याच्या मनात यायचं, हात सोड म्हणाले का? की मला घरी सोड म्हणाले? घरी जायचंय, असं त्यांचं चार दिवस चाललं होतं. की केबिनमध्ये उभे होते आणि कुठली तरी गाडी सोडायची होती? पद्मा म्हणायची, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय. शेवटी ते विचार आपोआप विरले. धनाजीरावांची गाठ तेव्हाही त्यानं लावून पाहिली होती: ऐकणाऱ्यानं जे ऐकलं तेच बोलणाऱ्यानं म्हटलं. म्हणजे आप्पा हात सोड म्हणाले, संपलं. पण ऐकणारा चुकला असेल तर? त्या हिशेबानं आपल्या बापाच्या तोंडात शेवटचा शब्द आपणच घातला. हा विचार आला की त्याला त्या नियमाचीच भीती वाटायची.

तळघराच्या पायऱ्या उतरताना नेहमीचा वास आला, तेलाचा, ओल्या चुन्याचा, मुलांच्या जाड कोटांतल्या घामाचा. आज लेन बंद होत्या. बाहेरच्या बाकावर ओवी बसली होती, मांडीवर किटची बॅग धरून. ती उभी राहिली. "सर," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. काल कोमलचा फोन आला होता, ओवी धड जेवत नाही म्हणून, आणि माधव तिला म्हणाला होता, काळजी करू नका, होईल सगळं नीट. कसं होणार होतं, त्याला कुठं ठाऊक होतं?

उत्कर्षभाईंची खोली म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा. उत्कर्षभाई माणूस भला. टेबलाच्या एका बाजूला धनाजीराव बसले होते, ऐकू येणारा कान दाराकडे करून. टेबलावर तो कागद होता. काळा ठिपका, मधोमध एक भोक.

"आवो, माधवभाई, बेसो," उत्कर्षभाई म्हणाले. मराठी त्यांना समजायची, पण बोलायचे ते गुजरातीच. "शॉट तो बहु सरस छे, हों." बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कानकोंडं झालं. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला.

प्रकरण काय होतं ते माधवला गुरुवारीच कळलं होतं. राज्याच्या निवडीसाठी क्लबला प्रत्येक मुलाच्या नावासोबत लिहून द्यावं लागायचं की याच्या हातून सुरक्षेचा नियम मोडलेला नाही. थांबायचा हुकूम दिल्यावरही छर्रा सुटला असेल तर वर्षभर बंदी, मग निवड वगैरे विसरा. आणि हुकूमच चुकीचा दिला गेला असेल तर शिकवणाऱ्याचं परवान्याचं कार्ड जमा. धनाजीरावांनी आपली चूक आधीच लिहून दिली होती. लाल दिवा लावला नाही, मी गाढव आहे, असं त्यांनी शब्दशः लिहिलं होतं आणि उत्कर्षभाईंनी त्यातलं गाढव खोडायला लावलं होतं. तेवढ्यानं भागत नव्हतं. पुढच्या रकान्यात विचारलं होतं, कोचनं कुठला शब्द उच्चारला. तिथं ओवीच्या गोल अक्षरांत लिहिलेलं होतं: सरांनी स्टॉप म्हटलं. मला ऐकू आलं नाही.

माधवनं ते दोनदा वाचलं.

"बस, अहीं सही करी दो," उत्कर्षभाई म्हणाले. "छोकरी पोतेज लखे छे. एक वरसनी वात छे. सोळ वरसनी छे हजी, आवते वरसे फरी रमशे. तमे जशो तो आ बाकीनां पंदर छोकरांने कोण शीखवशे?"

खोटं कशाला बोला, माधवला क्षणभर फार बरं वाटलं. पोरगी आपणहून लिहून देतेय, सही केली की संपलं. सोमवारी पुन्हा पंधरा मुलं, पंधरा श्वास. उत्कर्षभाईंचं काही चुकत नव्हतं, सतराव्या वर्षी पोरगी पुन्हा उभी राहील. त्यानं पेन उचललंसुद्धा. मग त्यानं दारातून बाहेर पाहिलं आणि हाक मारली, "ओवी, आत ये."

ती आली.

"मी स्टॉप म्हणालो?"

ती पायांकडे बघायला लागली. "म्हणाला असाल, सर."

"तू काय ऐकलंस?"

"मला सोड ऐकू आलं. पण माणूस समोर असताना तुम्ही सोड कसं म्हणाल? नियमात तर स्टॉप आहे. म्हणजे तुम्ही स्टॉपच म्हणाला असणार. माझ्याच कानात गडबड झाली असणार." आणि मग एकदम गुजरातीत, घाईघाईनं, "मने एवुं लागे छे के हुं जूठुं सांभळुं छुं, सर. बे दिवसथी बधुं जूठुं सांभळुं छुं."

आपण सगळं खोटंच ऐकतो, दोन दिवस झाले, असं सोळा वर्षांची पोरगी सांगत होती. माधवला भयंकर राग आला, पण कुणाचा ते कळेना. याच कानांच्या भरवशावर तो दोन वर्षं तिच्यामागं उभा होता. तिच्याइतकं नीट ऐकणारं मूल त्याला वीस वर्षांत मिळालं नव्हतं, आणि आता तीच पोर नियमाच्या पाटीवर विश्वास ठेवून स्वतःचे कान खोटे पाडत होती. ही पुढं काय करेल? दर वेळी रायफल उचलेल आणि विचार करेल, मला जे ऐकू आलं ते आलं का? नऊ नव्हे, साठच्या साठ छर्रे नळीत राहतील. आणि त्याला एकदम त्या दवाखान्यातली पडद्याची सळई आठवली, आणि खालच्या चहाची गोडमिट्ट चव.

"तुझे कान चांगले आहेत," तो म्हणाला. "मी सोडच म्हणालो." त्यानं तिची ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, सोड.

उत्कर्षभाईंनी चष्मा वर सरकवला. "सोड एटले? छोड?" ते थांबले. "एटले मारवानुं के नहीं मारवानुं?"

"दोन्ही," माधव म्हणाला.

"बन्ने केवी रीते थाय, भाई?"

"होतं. दिवाळीपासून होत होतं."

"फॉर्ममां बन्नेनुं खानुं नथी," उत्कर्षभाई अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. "तमारा मनमां शुं हतुं, ए कहो ने!"

माधवनं डोळे मिटले. खरोखर शेवटचा प्रयत्न म्हणून मिटले. ओवीची पाठ, कोटाची शिवण, छातीतला हलका आनंद, पांढरा सदरा, हात. आधी काय, मग काय? काहीही दिसेना. नुसतं काळं, आणि मधोमध एक भोक. त्यानं धनाजीरावांकडे पाहिलं. म्हाताऱ्याला निम्मंच ऐकू गेलं असेल, पण ते त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर कसलाही सल्ला नव्हता.

"मनात काय होतं ते मला ठाऊक नाही," माधव म्हणाला. "पण लिहा, मारायला सांगितलं. तिनं तेच ऐकलं. म्हणजे मी तेच बोललो."

आपण हे का म्हणालो, खरंच तसं होतं म्हणून की पोरगी वाचावी म्हणून, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. खिशातून त्यानं कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या आतला त्याचा फोटो चाळिशीतला होता, मिश्या काळ्या. उत्कर्षभाईंनी ते हातात घेतलं, ठेवायचं कुठं ते न सुचून थोडा वेळ धरून ठेवलं आणि मग ड्रॉवरमध्ये टाकलं. धनाजीराव उठले, टेबलावरचा भोकाचा कागद उचलून त्यांनी ओवीच्या हातात दिला. "घे. दहा आहेत. फ्रेम कर," असं म्हणाले आणि उगाचच मोठ्यानं खोकले.

वर रस्त्यावर पाच-सव्वापाचचं ऊन अजून रेंगाळत होतं. बसेस स्टेशनकडे वळत होत्या, रिक्षावाले अलकापुरी, अलकापुरी ओरडत होते. आपण आता सोमवारी संध्याकाळी काय करणार, असं माधवच्या मनात आलं, आणि सोमवार एकदम फार मोठा वाटला. इतकं सगळं कबूल करून टाकलं तर डोकं साफ व्हायला हवं होतं. ते तसंच गढूळ होतं. चूक आपली की नाही हे कळलेलं नव्हतं, फक्त ती कुणाच्या नावावर टाकायची ते ठरलं होतं. तो स्कूटरचं कुलूप उघडत असताना ओवी मागं येऊन उभी राहिली. उजव्या खांद्यामागं, दोन पावलांवर. तिला बहुतेक रागही आला होता, कारण ती बॅगेची चेन उगाच उघडत-लावत होती.

"मी लिहिलं होतं ना, सर," शेवटी म्हणाली. "चाललं असतं मला."

"मला नसतं चाललं."

"मग आता सोमवारी माझ्या मागं कोण उभं राहणार?"

"कोणी नाही. तुला कळतं केव्हा ते."

"नाही कळत."

"कळतं. गुरुवारी कळलं होतं," तो म्हणाला, आणि असं म्हणणं बरोबर की भयंकर, ते त्याला समजेना.

गुंडाळलेला कागद तिनं बॅगेत सरकवला. नंतर रस्त्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सर, आईला यायला उशीर आहे. मला घरी सोडाल?"

माधवचा हात किल्लीवरच राहिला. मागून एका बसनं हॉर्न दिला, कुणीतरी त्याला "हटो ने, काका" म्हणालं, तरी तो हलला नाही. या वेळी शब्दाला एकच अर्थ होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तो त्याला आधी ऐकू आला आणि लगेच समजलाही, आणि समजला तसे त्याचे डोळे भरून आले, भर सयाजीगंजात, ऐन गर्दीत. पोरगी घाबरली. "सर? काय झालं? मी रिक्षानं जाते."

"नको," तो म्हणाला. "बस. नीट धरून बस."

ती बसली. बॅग मध्ये ठेवून तिनं मागची कडी धरली. त्यानं स्कूटर सुरू केली, आरशात मागचा रस्ता पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मोठ्यानं, स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं म्हणाला, "सोडतो. घरी सोडतो."